रेघ आणि धूळ : ॲनिमेशनपटांच्या घरगुती आवृत्त्यांचा इतिहास

नटांनी काम केलेल्या चित्रपटाची घरी पाहायची प्रत बिघडलेली असली, तर तिचा दोष प्रेक्षकाला बहुधा आपोआप जाणवतो, कारण माणसाच्या कातडीचा रंग किंवा पावसाळी आभाळाचा करडेपणा त्याच्या ओळखीचा असतो आणि पडद्यावरचे चित्र तो नकळत त्याच्याशी ताडून पाहत असतो. ॲनिमेशनपटाला असा बाहेरचा साक्षीदार नसतो. सिंड्रेलाचा झगा चंदेरी होता की निळा, हे ठरवायला जगात कुठे तो झगा ठेवलेला नाही. तो पारदर्शक पत्र्यावर रंगवला गेला, कॅमेऱ्याखाली काही क्षण राहिला आणि फिल्मवर उतरला, एवढेच त्याचे अस्तित्व. त्यामुळे व्हिडिओ कॅसेट, लेसरडिस्क, डीव्हीडी किंवा ब्लू-रे या रूपांत अशा चित्रपटाची प्रत काढणाऱ्याला प्रत्येक वेळी फिल्मवरचे काय चित्रकाराचे आणि काय यंत्राचे किंवा काळाचे, याचा निवाडा करावा लागतो. 'सर्वांत चांगली आवृत्ती कोणती' हा संग्राहकांमध्ये चाळीस वर्षे चाललेला वाद वरवर हौशी मंडळींचा खल वाटत असला, तरी मुळात तो या निवाड्याविषयीचा वाद आहे.

वॉल्ट डिस्ने कंपनीचा इतिहास या संदर्भात अपरिहार्यपणे मध्यभागी येतो, आणि गमतीचा भाग असा की पुढे घरगुती चित्रफितींवर सर्वाधिक कमाई करणाऱ्या या कंपनीने आरंभी त्या यंत्राविरुद्धच न्यायालयात धाव घेतली होती. सोनी कंपनीने १९७५ साली बाजारात आणलेल्या बीटामॅक्स यंत्रामुळे दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम घरच्या घरी ध्वनिचित्रमुद्रित करता येऊ लागला, तेव्हा युनिव्हर्सल आणि डिस्ने या दोघांनी मिळून १९७६ साली सोनीवर दावा लावला. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने सोनीच्या बाजूने निकालात निघाला. दावा चालू असतानाच, म्हणजे १९८० पासून, डिस्नेने स्वतःच्या चित्रफिती काढायला सुरुवात केली होती, पण ठेवणीतले चित्रपट त्यांत नव्हते. १९८१ साली 'डंबो' आणि 'ॲलिस इन वंडरलँड' बाहेर आले, ते पूर्वीच दूरचित्रवाणीवर दाखवून झाल्यामुळे त्यांचे नावीन्य तसेही ओसरले होते म्हणून.

बाकीचे चित्रपट राखून ठेवण्यामागे जुने गणित होते. १९३७ सालचा 'स्नो व्हाइट' १९४४ साली पुन्हा चित्रपटगृहांत आणला गेला, तेव्हा मुलांची एक नवी पिढी तयार झालेली असल्यामुळे तो नव्यासारखाच चालला, आणि साधारण सात-आठ वर्षांनी प्रत्येक चित्रपट पुन्हा प्रदर्शित करण्याची रीत त्यातून रुजली. घराघरांत कॅसेट पोचली तर हे पीक कायमचे बुडेल, ही भीती अगदीच निराधार नव्हती. डिसेंबर १९८४ मध्ये 'रॉबिन हूड' विक्रीला आला तो जवळजवळ ८० डॉलरना, म्हणजे भाड्याने कॅसेट देणाऱ्या दुकानदारालाच परवडेल अशा किमतीत. १९८५ साली 'पिनोकिओ'ची किंमत आधी तेवढीच ठेवून नंतर नाताळच्या सुमारास ती सुमारे ३० डॉलरपर्यंत उतरवण्यात आली, आणि कॅसेट भाड्याने नेण्याची नव्हे तर विकत घेऊन घरी ठेवण्याची वस्तू होऊ शकते, हे ध्यानात आले. मुलाला एकच चित्रपट शंभर वेळा पाहायचा असतो, ही गोष्ट आईबापांना ठाऊकच होती. व्यापाऱ्यांना ती कळायला एवढा काळ लागला. १९९२ साली 'ब्यूटी अँड द बीस्ट'च्या दोन कोटींहून अधिक कॅसेटी खपल्या आणि १९९५ साली आलेल्या 'द लायन किंग'ने तीन कोटींच्या आसपास मजल मारली. पुनःप्रदर्शनाची जुनी रीत मात्र वेगळ्या रूपात टिकली : चित्रपट मर्यादित काळ विकायचा, मग बाजारातून काढून घ्यायचा आणि काही वर्षांनी नव्या वेष्टनात परत आणायचा. संग्राहक या प्रथेला 'डिस्नेची तिजोरी' म्हणत. एकाच चित्रपटाच्या चार-चार, पाच-पाच आवृत्त्या निर्माण झाल्या त्या याच प्रथेपोटी, आणि त्यांतून निवड करण्याचा प्रश्नही तिनेच उभा केला.

कॅसेटची चित्रशक्ती तोकडी होती. व्हीएचएस पद्धतीत आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांइतका तपशील मावत असे, त्यामुळे पार्श्वभूमीवरच्या जलरंगांचे पोत एकमेकांत मिसळून जात. त्याहून मोठा अपराध चौकटीचा होता. 'स्लीपिंग ब्यूटी' (१९५९) हा सुपर टेक्निरामा ७० या रुंद पद्धतीत चित्रित झालेला चित्रपट, त्याची चौकट उंचीच्या अडीचपटीहून थोडी अधिक रुंद. दूरचित्रवाणीचा तेव्हाचा पडदा उंचीच्या सव्वापटीहून थोडाच रुंद. कॅसेट काढताना पडदा भरून टाकण्यासाठी चित्राच्या दोन्ही कडा छाटल्या गेल्या, म्हणजे जवळपास निम्मे चित्र गेले. या चित्रपटाची रंगशैली ठरवणारे आयविंड अर्ल यांनी मध्ययुगीन चित्रांच्या धर्तीवर सरळसोट खोडांचे अरण्य उभे केले होते, ज्यात राजकन्या झाडांच्या रांगेतली एक लहान आकृती वाटावी असा बेत होता. कॅसेटवर झाडे गेली आणि राजकन्या तेवढी उरली. २००३ च्या डीव्हीडीने रुंदी बरीचशी परत दिली, पण चित्राची २.५५ : १ ही पूर्ण चौकट घरी पोचली ती २००८ च्या ब्लू-रे आवृत्तीत, म्हणजे चित्रपट तयार झाल्यानंतर एकोणपन्नास वर्षांनी.

अभ्यासकांचा ओढा त्या काळात लेसरडिस्ककडे होता. १९७८ अखेरीस अमेरिकेत विक्रीला आलेली ही ताटाएवढी चकचकीत तबकडी दोन प्रकारे भरता येई. एका प्रकारात एका बाजूवर तासभर चित्र मावे. दुसऱ्या प्रकारात अर्धा तासच मावे, पण तबकडीच्या प्रत्येक फेऱ्यात चित्राची एकच चौकट लिहिलेली असल्यामुळे एका बाजूवरच्या ५४,००० चौकटींपैकी हवी ती लख्ख थांबवून पाहता येत असे. सर्वसामान्य प्रेक्षकाला दर अर्ध्या तासाला तबकडी उलटण्याचा जाच होता, परंतु ॲनिमेशन शिकणाऱ्याला हे वरदानच वाटले, कारण पात्राचा हात वर जाताना कोणत्या चौकटीत किती वाकतो, उडी मारण्यापूर्वी शरीर कितपत दबते, हे पूर्वी फिल्मचे रीळ हाती आल्याखेरीज कळत नसे. क्रायटेरियन या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने कात्सुहिरो ओतोमो यांचा 'अकिरा' (१९८८) याच चौकट-चौकट प्रकारात काढला, त्यामागे हीच दृष्टी होती.

भारतातील, आणि म्हणून महाराष्ट्रातील, प्रेक्षकाच्या वाट्याला लेसरडिस्क फारशी आली नाही. येथे १९८० च्या दशकात व्हिडिओ लायब्ररीतली भाड्याची कॅसेट आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हीसीडी यांचे राज्य होते. व्हीसीडी म्हणजे साध्या सीडीवर दाबून बसवलेले, ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे चित्र. एका सीडीत सुमारे ७४ मिनिटे मावत, त्यामुळे ८८ मिनिटांचा 'द लायन किंग' दोन तबकड्यांत विभागला जाई आणि कथेतल्या भलत्याच ठिकाणी उठून सीडी बदलावी लागे. वेगाने हलणाऱ्या रेषेभोवती चौकोनी ठोकळे उमटणे हा या पद्धतीचा अंगभूत दोष, आणि तो ॲनिमेशनमध्ये सर्वांत जास्त खुपतो, कारण सपाट रंगाच्या पृष्ठभागावर ठोकळा लपायला जागा नसते.

याखेरीज भारताने स्वीकारलेल्या पाल या दूरचित्रवाणी पद्धतीचा एक परिणाम फार थोड्यांच्या लक्षात आला. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, पाल पद्धत २५ मागते. तेव्हा प्रत काढताना सर्वसाधारणपणे चित्रपटच चार टक्के वेगाने पळवला जाई. ६४ मिनिटांचा 'डंबो' अशा प्रतीत साडेएकसष्ट मिनिटांच्या आत संपतो आणि आवाज वेगळा सुधारलेला नसेल तर गाणी मूळ सुरापेक्षा चढी, पण अर्ध्या स्वराहून थोड्या कमी फरकाने, ऐकू येतात. अमेरिका आणि जपान येथील एनटीएससी पद्धतीत वेग जवळपास मूळचाच राहतो, पण तेथे सेकंदाला ३० चौकटी भरण्यासाठी शेजारच्या दोन चौकटींची मिसळ करावी लागते. ॲनिमेशनमध्ये पुष्कळदा एकच रेखाटन दोन चौकटी टिकते, म्हणजे सेकंदाला बाराच नवी चित्रे असतात. तबकडी थांबवून पाहताना एका चित्राच्या अंगात दुसऱ्याचे भूत दिसते ते या मिसळीमुळे. त्यातच निर्मात्यांनी डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडले आणि भारत पाचव्या विभागात गेला, त्यामुळे अमेरिकेतल्या नातलगांनी हौसेने आणलेली पहिल्या विभागाची तबकडी डोंबिवलीच्या किंवा कोथरूडच्या घरातला प्लेअर वाचायलाच नकार देई. ब्लू-रेमध्ये विभाग तीनच झाले, भारत 'सी'मध्ये आला. अनेक प्रकाशकांनी आपल्या ब्लू-रे तबकड्यांना विभागाचे कुलूप घातले नाही, एवढा दिलासा मिळाला.

दुसरा मोठा प्रश्न काटछाटीचा. जुन्या चित्रपटांतले वर्णद्वेषी विनोद पुढच्या काळात लाजिरवाणे ठरले, आणि प्रत्येक प्रकाशकाने त्यांच्याशी वेगळा व्यवहार केला. डिस्नेने 'साँग ऑफ द साउथ' (१९४६) अमेरिकेत कधीच घरगुती स्वरूपात काढला नाही, जरी ब्रिटन आणि जपानमध्ये तो मिळत होता. 'अलादीन'च्या आरंभीच्या गाण्यातील अरबांना रानटी ठरवणारी शब्दरचना अरब-अमेरिकी संघटनेच्या निषेधानंतर १९९३ च्या कॅसेटवर अंशतः बदलली गेली. वॉर्नर कंपनीने २००३ ते २००८ या काळात 'लूनी ट्यून्स'चे सहा संच काढताना अधिक प्रौढ वाट धरली : चित्रे जशीच्या तशी ठेवून ती त्या काळच्या पूर्वग्रहांची साक्ष आहेत, असे निवेदन आधी जोडले. त्याच कंपनीने 'टॉम अँड जेरी'च्या बाबतीत मात्र पाय मागे घेतला. २०१३ साली यायच्या ब्लू-रे मालिकेच्या दुसऱ्या खंडातून 'माऊस क्लीनिंग' आणि 'कॅसानोव्हा कॅट' ही दोन लघुचित्रे वगळल्याचे कळताच चाहत्यांनी असा गदारोळ केला की तो खंडच बाजारात आला नाही. उलट प्रकारची नामुष्की डिस्नेच्या वाट्याला जानेवारी १९९९ मध्ये आली होती : 'द रेस्क्यूअर्स' (१९७७) या चित्रपटात खिडकीमागे अवघ्या दोन चौकटींपुरते एका विवस्त्र स्त्रीचे छायाचित्र कोणीतरी घुसवल्याचे उघड झाले आणि ३४ लाख कॅसेटी परत मागवाव्या लागल्या. चित्रपटगृहात बावीस वर्षे ते कोणाच्या नजरेस पडले नव्हते. प्रत्येक घरात चित्र थांबवण्याचे बटण आल्यावर ते सापडले.

काटछाट निदान उघड तरी असते. सफाईचे तसे नाही, आणि आवृत्तीची खरी पारख तिथेच होते. १९३० आणि १९४० च्या दशकांतील रंगीत ॲनिमेशनपट ज्या पद्धतीने चित्रित होत, ती समजून घेतल्याखेरीज हा वाद कळणार नाही. रंगवलेला पारदर्शक पत्रा कॅमेऱ्याखाली स्थिर असल्यामुळे त्याच एका चित्राची लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून एकामागोमाग एक अशी तीन छायाचित्रे कृष्णधवल फिल्मवर घेता येत, आणि छापताना त्यांपासून रंगीत चौकट तयार होई. मूळ फिल्मवर रंगद्रव्य नसल्यामुळे ते विटण्याचा प्रश्न नाही. नीट जपलेल्या अशा निगेटिव्हमधून आजही विलक्षण ताजे रंग निघतात. १९९३ साली कोडॅकच्या सिनिऑन यंत्रणेवर 'स्नो व्हाइट' संपूर्ण संगणकात घेऊन, चौकटीमागून चौकट धूळ व ओरखडे पुसून, पुन्हा फिल्मवर उतरवला गेला; एवढे काम पूर्ण चित्रपटावर होण्याची ती पहिलीच वेळ.

पण धूळ पुसायला बसवलेल्या यंत्राला चित्रकला कळत नाही. एका चौकटीत आहे आणि आधीच्या-नंतरच्या चौकटींत नाही, असा ठिपका किंवा रेघ म्हणजे घाण, हे त्याचे साधे तर्कशास्त्र. आता 'लूनी ट्यून्स'मधला एखादा पळण्याचा प्रसंग घ्यावा : पात्र पडद्याबाहेर उसळी घेते त्या क्षणी चित्रकार कोरड्या कुंचल्याने, रंग जवळजवळ झटकून टाकून, पत्र्यावर दोन-चार फरकाटे ओढतो, ते एकाच चौकटीपुरते दिसतात आणि डोळ्याला वेगाचा भास देतात. यंत्राच्या लेखी हा ओरखडाच. त्यामुळे १९९० च्या दशकातल्या अनेक प्रतींत आणि नंतरच्याही काही संचांत असे फरकाटे अर्धवट खाल्लेले आढळतात, हलत्या हाताच्या बाह्यरेषेत मध्येच खिंड पडलेली दिसते, आणि स्थिर झाल्यावर तीच रेघ पुन्हा पूर्ण होते. आवृत्ती पारखणाऱ्याने स्थिर चित्राचा चकचकाट पाहू नये, सर्वांत वेगवान हालचालीची चौकट थांबवून रेघ शाबूत आहे का ते पाहावे, हा जाणकारांचा नियम या दुखण्यातून आलेला आहे.

फिल्मच्या कणांचे प्रकरण याहून नाजूक. प्रत्येक फिल्मवर चांदीच्या क्षारांपासून आलेला बारीक, सतत थरथरणारा कण असतो, आणि तो चित्रकाराने काढलेला नसतो. तेव्हा तो पूर्णपणे काढून टाकला तर पत्र्यावर जे रंगवले होते तेच प्रेक्षकाच्या हाती पडेल, असा सफाईवाल्यांचा युक्तिवाद होता, आणि तो दिसतो तितका पोरकट नाही. त्यातला घोटाळा असा की चित्रकार ज्या रंगछटा निवडत, त्या फिल्मवर उतरून पडद्यावर कशा दिसतील याचा अंदाज बांधूनच निवडत. पत्रा हे साधन होते, कलाकृती फिल्मवर होती. शिवाय कण काढणारे यंत्र कणाइतक्याच बारीक रेषाही सोबत नेते. २०१२ च्या 'सिंड्रेला'च्या ब्लू-रेवर हे ठसठशीत दिसले : चित्र लखलखीत, गालिच्यासारखे सपाट, आणि झग्याच्या चुण्यांतल्या, केसांतल्या नाजूक रेषा ठिकठिकाणी विरघळलेल्या. 'द स्वॉर्ड इन द स्टोन'ची (१९६३) गत पुढच्या वर्षी त्याहून वाईट झाली. १९६० च्या सुमारास डिस्नेच्या कारखान्यात झेरॉक्स यंत्राने चित्रकाराची पेन्सिलरेघ थेट पत्र्यावर उतरवण्याची पद्धत आली होती, त्यामुळे 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स'पासून पुढच्या चित्रपटांत रेघ खरबरीत, मध्येच तुटकी, कधी खालच्या कच्च्या आखणीसकट दिसते, आणि त्या चित्रपटांचे सौंदर्यच त्या खरबरीतपणात आहे. 'द स्वॉर्ड इन द स्टोन'च्या ब्लू-रेने त्यातल्या मर्लिनची दाढी मेणाची करून टाकली. अशा वेळी कमी तपशिलाची जुनी डीव्हीडी नव्या ब्लू-रेहून सरस ठरते. नवी तबकडी ती चांगली, या व्यापारी समजुतीला इतका स्वच्छ छेद दुसऱ्या कोणत्या चित्रप्रकारात क्वचितच मिळेल.

रंगाचा वाद जपानमध्ये तर थेट न्यायालयात पोचला. हायाओ मियाझाकी यांच्या 'स्पिरिटेड अवे'ची तेथील २००२ ची डीव्हीडी सर्वत्र तांबूस झाक घेऊन आली, पांढरे ढगसुद्धा गुलाबी दिसू लागले, आणि चित्रपटगृहात वेगळेच रंग पाहिलेल्या ग्राहकांनी दाद मागितली. २०१४ साली आलेल्या ब्लू-रेवर ती झाक नाही. संगणकातच जन्मलेल्या चित्रपटांना यांतले काही भोगावे लागत नाही. 'अ बग्ज लाइफ'ची १९९९ ची डीव्हीडी फिल्मला बगल देऊन संगणकातील चित्रांवरूनच बनली, आणि तिच्या चौकोनी पडद्याच्या आवृत्तीसाठी पिक्सारने चित्राच्या कडा सरसकट न छाटता अनेक दृश्यांची नव्याने मांडणी केली. पण अशा चित्रपटांत मागाहून बदल करणेही तितकेच सोपे होते. 'द लायन किंग'च्या २००३ च्या डीव्हीडीवर मूळ आवृत्ती म्हणून जी आहे, तिच्यातल्या एका गाण्यामधल्या मगरी आयमॅक्स पडद्यासाठी नव्याने काढलेल्या आहेत.

'सिंड्रेला'ला न्याय मिळाला तो २०२३ साली. मूळ नायट्रेट निगेटिव्हपासून केलेली तिची नवी ४के प्रत त्या वर्षी फेब्रुवारीत बर्लिन महोत्सवात दाखवली गेली आणि नंतर तबकडीवर आली. तिच्यात कण आहे, रेघ आहे आणि झगा पुन्हा चंदेरीकडे झुकला आहे. सर्वच चित्रपटांचा निकाल मात्र एवढा सरळ लागत नाही. 'फँटेशिया' (१९४०) हा १९४२ मध्ये ८१ मिनिटांपर्यंत कापला गेला, १९४६ मध्ये बराचसा जोडला गेला, १९६९ मध्ये त्यातली खुरे पुसणारी काळी दासी वगळण्यात आली, आणि १९८२ साली तर लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांचे संगीतच बाजूला सारून नवे वाजवून घालण्यात आले. १९९१ ची कॅसेट आणि लेसरडिस्क स्टोकोव्स्की यांचे संगीत परत घेऊन आली, पण चित्रपट मूळ लांबीचा नव्हता. २००० च्या डीव्हीडीने निवेदक डीम्स टेलर यांची सर्व प्रास्ताविके शोधून जोडली, तेव्हा त्यांतल्या काहींचा ध्वनी नष्ट झालेला आढळला. अर्धे एका आवाजात आणि अर्धे दुसऱ्या आवाजात नको म्हणून टेलर यांचे सगळेच बोलणे कोरी बर्टन या कलावंताकडून नव्याने म्हणवून घेतले गेले, आणि २०१० च्या ब्लू-रेवरही तेच आहे. टेलर यांचा स्वतःचा आवाज ऐकायचा, तर ते धूसर चित्र सोसून १९९१ चीच प्रत लावावी लागते.